‘निदान एक’ची मर्यादा

भंडारा जिल्ह्यात बिडी वळणारा हात बहुधा बाईचा असतो. मांडीवर सूप घेऊन, तेंदूची पाने कापून ती दिवसभर बिड्या वळते. तिची मजुरी मात्र हजाराच्या हिशेबाने दुसराच मोजतो आणि किती बिड्या बाद धरावयाच्या तेही तोच ठरवितो. या कामगारांसाठी संसदेने १९७६ साली कल्याण निधीचा कायदा केला. निधीच्या विनियोगाबाबत सल्ला देणाऱ्या समितीत सरकार, मालक व कामगार यांचे प्रतिनिधी समसमान असावेत आणि निदान एक सभासद स्त्री असावी, असे त्याचे कलम आहे.

त्याच वर्षी लोह व मँगनीज खाणींतील कामगारांसाठीही असाच कायदा झाला. तुमसर तालुक्यातील चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजच्या खाणी असल्याने दोन्ही कायद्यांचा या जिल्ह्याशी थेट संबंध आला. खाण कायद्यातही तरतूद तीच : निदान एक स्त्री. ज्या धंद्यात स्त्रिया बहुसंख्य आणि ज्या खाणींच्या भुयारात उतरण्यास १९५२ च्या कायद्याने स्त्रीला बंदी घातली होती, त्या दोहोंना एकच माप लावले गेले. याचा अर्थ स्पष्ट आहे. हा आकडा श्रमाच्या वाट्यावरून आलेला नाही. तो केवळ उपचार म्हणून आला आहे.

हा उपचार जुना आहे. १९५७ साली बलवंतराय मेहता समितीने पंचायत समित्यांवर दोन स्त्रिया स्वीकृत करून घ्याव्यात असे सुचविले. १९७४ च्या स्त्री-दर्जा समितीने अशा नाममात्र प्रतिनिधित्वाचे फोलपण दाखवून दिले. पुढे १९९३ पासून पंचायत राज्यात एक तृतीयांश आणि महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा स्त्रियांना मिळाल्या. परंतु हा न्याय ग्रामपंचायत आणि जिल्हा परिषद येथेच थांबला. धानाची रोवणी बाया करतात. बाजार समितीत मात्र शेतकऱ्यांच्या १५ जागांपैकी स्त्रियांसाठी राखीव जागा दोन. सरकारनियुक्त मंडळांत तर पुष्कळदा ‘निदान’ हीच कमाल मर्यादा होऊन बसते.

एकट्या सभासदाची अवस्था काय होते, हे सभाकामकाज जाणणाऱ्यास सांगावयास नको. तिच्या ठरावाला अनुमोदक मिळत नाही. विरोध नोंदविला तर ती हट्टी ठरते, गप्प बसली तर निरुपयोगी.

‘योग्य बाई मिळत नाही’ हे उत्तर आता टिकणारे नाही. तीस वर्षांहून अधिक काळ सरपंचपद आणि सभापतिपद सांभाळलेल्या स्त्रियांची एक पिढीच गावोगावी उभी आहे. पुढाऱ्यांच्या घरातील स्त्रियाच नेमल्या जातील, ही शंका मात्र खोटी नाही. पण तो दोष स्त्रियांचा नसून बंद खोलीत होणाऱ्या नेमणुकांचा आहे, आणि त्याच मार्गाने पुढाऱ्यांचे पुत्र व पुतणेही आत येतात.

कायद्याचीही अडचण नाही. वनहक्क समितीत आणि गावच्या जैवविविधता समितीत किमान एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात, असे नियमच आहेत. २०१९ च्या वेतन संहितेवर कामगार संघटनांचे आक्षेप अनेक असले, तरी सल्लागार मंडळात एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात, हे तिनेही मान्य केले आहे. मग बिडी कामगार बाईनेच एकावर समाधान का मानावे? २०१७ साली बिडीवरील उपकर रद्द झाल्यापासून तिच्या मुलांची शिष्यवृत्ती आणि दवाखाना सरकारी अंदाजपत्रकातील तरतुदीवर अवलंबून आहे. अशा वेळी तिचा आवाज समितीत असणे ही शोभेची बाब राहत नाही.

म्हणून सरकारने ज्या मंडळाचे काम ज्यांच्या श्रमाशी निगडित असेल, त्यांच्यातील स्त्रियांच्या प्रमाणात जागा द्याव्यात आणि कोठेही एक तृतीयांशाहून कमी देऊ नयेत. नावे नेमणुकीपूर्वी जाहीर करावीत. परंतु पहिली परीक्षा सरकारची नाही. कामगारांच्या बाजूची नावे पुष्कळदा संघटनाच सुचवितात, आणि त्या यादीत बिडी वळणारी बाई क्वचितच असते. १९५४ च्या पोटनिवडणुकीत अशोक मेहता यांना लोकसभेत पाठविणाऱ्या या जिल्ह्यात समतेचे नाव घेणाऱ्या प्रत्येक पक्षाने व संघटनेने आपली पुढची यादी प्रथम तपासावी.