सदुसष्ट वॅटची घाई

घाई आमच्या घराण्यात कुणालाच मानवली नाही. वडील चंद्रपूरच्या स्टेशनवर गाडीच्या दोन तास आधी जाऊन बसत, पण ती घाई नव्हे, धास्ती. मी स्वतः निवृत्त माणूस. सकाळचा चहा अकरापर्यंत पुरवतो. अशा माणसानं गेल्या मे महिन्यात ६७ वॅटचा चार्जर विकत आणावा, याला बुद्धिभ्रंशापलीकडे दुसरं नाव नाही.

दुकानदार म्हणाला, "काका, जुना फेका जी. हा लावा, पंधरा मिनटात फोन फुल्ल." त्या 'फुल्ल'मधल्या दुसऱ्या 'ल'वर मी भाळलो.

घरी लावला, तर जुन्या चार्जरला लागायचा तेवढाच वेळ लागला. उलट थोडा जास्तच, कारण दर दोन मिनिटांनी फोन उचलून मी टक्के पाहत होतो. परत दुकानात गेलो. "काका, फोन अठराचा हाये तुमचा. तो मागंल तेवढंच भेटंल ना त्याले." हे ज्ञान पैसे मोजण्याआधी मिळालं असतं तर मी त्याला गुरू मानलं असतं.

तेव्हापासून मी या विषयाचा अभ्यास केला आहे आणि माझं ठाम मत झालं आहे, की खोक्यावरचा वॅटचा आकडा म्हणजे स्थळानं सांगितलेला पगार. खोटा नसतो, पण हातात तेवढा पडत नाही.

मुळात चार्जर म्हणजे नळ नव्हे, की मोठा आणला म्हणजे बादली लवकर भरली. ती सोयरिकीची बैठक असते. तार जोडली की चार्जर आधी बिचकत बिचकत फक्त ५ व्होल्ट पुढे करतो. मग आपली ऐपत सांगतो : मला ९ जमतात, १५ जमतात, वेळ आली तर २० सुद्धा. फोन आपल्याला झेपेल ते निवडतो. बैठक मोडली, तर पुन्हा ५ व्होल्टचा कोरडा नमस्कार. शेवटचा शब्द फोनचा.

व्होल्ट कशासाठी वाढवायचे, हे चंद्रपूरच्या माणसाला तरी कुणी शिकवू नये. दुर्गापूरच्या वीज केंद्राचा पहिला संच १९८३ साली सुरू झाला, तेव्हापासून कोळशाची धूळ आमच्या वाळवणांवर बसते आहे. १९९९ पासून इथली वीज साडेसातशे किलोमीटरवरच्या पडघ्याला, म्हणजे मुंबईच्या उंबऱ्यावर, जाते ती ५ लाख व्होल्टनं. व्होल्ट वाढवले की तेवढीच वीज न्यायला अँपिअर कमी लागतात. आणि अँपिअर दुप्पट झाले तर तार चौपट तापते. फोनची हातभर तारही याच न्यायानं चालते. काही कंपन्या मात्र उलटी वाट धरतात. त्या व्होल्ट कमी ठेवून अँपिअर वाढवतात. त्याला जाड तार लागते, आणि ती जाड तार त्यांच्याच घरची लागते. खरी गोम इथे आहे, तिच्याकडे येतोच.

आधी ते 'पंधरा मिनिटांत'. चंद्रपूरच्या स्टँडवर गडचिरोलीची एसटी लागलेली पाहा. पाच मिनिटांत खिडक्यांतून रुमाल, टोप्या, पिशव्या पडून बहुतेक बस भरते. उरलेली माणसं कंडक्टर पार मूलपर्यंत "सरका, सरका" करत आत घालत असतो. लिथियमच्या बॅटरीत हेच होतं. लिथियमचे कण ग्राफाइटच्या थरांत जाऊन बसायचे असतात. जागा मोकळी तोवर भराभर, ऐंशी टक्क्यांनंतर एकेक. रेटारेटी केली तर ते दारातच साचतात आणि बॅटरीचं आयुष्य घटतं. म्हणून फोन स्वतःच वेग उतरवतो. ६७ हा आकडा जेमतेम पहिल्या काही मिनिटांचा धनी.

त्यात आमचा मे महिना! लिथियमची बॅटरी साधारणपणे ४५ अंशांच्या वर भरू नये, असा दंडक. इथे सावलीतच पारा ४६-४७. म्हणजे चार्जर लावण्याआधीच फोनला ताप. मी फोन कूलरसमोर स्टुलावर ठेवतो. "कूलरचं तोंड माझ्याकडे फिरवा म्हणून चार उन्हाळे सांगतेय," हिचं म्हणणं, "अन् त्या डबडीला बरा वारा मिळतो!"

माझ्यासारख्या रिकाम्या माणसानं फोन सावकाशच चार्ज करावा, हे मला कबूल आहे. पण माझा भाचा भामरागड तालुक्यात शिक्षक आहे. पर्लकोटेला पूर येऊन भामरागडचा रस्ता तुटल्याचं आजवर कित्येक पावसाळ्यांत ऐकलं. त्या दिवसांत त्याच्या गावची वीज जाते, आणि आली तर चाळीस मिनिटांची पाहुणी म्हणून येते. वेगवान चार्जिंगचा शोध कुणासाठी लागला असेल, तर तो ह्याच्यासाठी. ५००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे साधारण १९ वॅट-तास. १० वॅटनं चाळीस मिनिटांत तिचा तिसरा हिस्साही नीट भरत नाही. ३३ वॅटनं निम्म्याच्या पुष्कळ पुढे जाते. तेवढ्यावर शाळेची माहिती पाठवता येते, एखाद्या गर्भारशीसाठी गाडी बोलावता येते.

ह्याचा चार्जर पावसात भिजून मेला. गावात कुणाकडे ६५चा होता, कुणाकडे ४४चा. फोन सगळे टाईप-सी, भोकं सगळी सारखी. पण प्रत्येक कंपनीची बोली निराळी. बैठक मोडली. १० वॅटचा नमस्कार.

याला मी सरळ लबाडी म्हणतो. भोक एक केलं, भाषा एक केली नाही. भारतीय मानक ब्यूरोनं जानेवारी २०२३ मध्ये टाईप-सीचं मानक काढलं, उत्तम केलं. पण युरोपात २८ डिसेंबर २०२४ पासून १५ वॅटच्या वर चार्ज होणाऱ्या नव्या फोनला 'यूएसबी पॉवर डिलिव्हरी' ही सामायिक बोली यावीच लागते. घरी काय हवं ते बोला, चारचौघांत सर्वांना कळेल असं बोला. शिवाय वॅटचे आकडे खोक्यावर छापावे लागतात. ही सक्ती इथेही करा, आणि माझी एक ओळ वाढवा : 'परक्या चार्जरवर इतके वॅट'. अक्षर त्या ६७ एवढंच ठळक.

कंपन्या सुरक्षिततेचं कारण सांगतात. हलकी तार पेट घेते, हे खरंच आहे. पण सुरक्षिततेचा एवढा कळवळा, तर कित्येक फोनच्या खोक्यांतून चार्जरच गायब कसा झाला?

पोळ्याला भाचा आला, तेव्हा माझा ६७ वॅटचा चार्जर मी त्याच्या पिशवीत घातला.

"मामा, माझ्या फोनवर चालंल काय हा?"

"लावून तर पाहा."

परवा त्याचा निरोप आला : 'चालतो. दहावर.' धाडला होता रविवारी, मला मिळाला बुधवारी.