क्वांटमच्या लिफाफ्यालाही फट

केंद्र सरकारने एप्रिल २०२३मध्ये ६,००३.६५ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मोहिमेला मंजुरी दिल्यापासून ‘क्वांटम म्हणजे अभेद्य’ असे समीकरण रूढ होऊ पाहत आहे. ते अर्धेच खरे आहे. परस्परांवर विश्वास असलेल्या दोघांनी गुप्त किल्ली ठरवताना तिऱ्हाइताने कान लावला, तर क्वांटम तंत्र त्याची चाहूल देते. मात्र, ज्यांचा एकमेकांवरच विश्वास नाही, त्यांच्या व्यवहाराचे काय?

सीलबंद निविदा हा त्याचा परिचित नमुना. लिफाफा उघडेपर्यंत दर कोणाला कळू नये आणि तो सादर केल्यावर ठेकेदारालाही बदलता येऊ नये. संगणकशास्त्रात अशा लिफाफ्याला ‘बिट कमिटमेंट’ म्हणतात. झील ब्रासार व त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी १९९३मध्ये त्याची क्वांटम आवृत्ती मांडली आणि ती दोन्ही पक्षांपासून सुरक्षित असल्याचा दावा केला. वास्तविक, धोक्याची खूण जुनीच होती. चार्ल्स बेनेट आणि ब्रासार यांनी १९८४मध्ये बंगळुरातील परिषदेत मांडलेल्या प्रसिद्ध निबंधात नाणेफेकीचीही एक पद्धत होती. एकमेकांत गुंतलेल्या कणांच्या साह्याने तिच्यात लबाडी करता येते, हे त्यांनीच नमूद केले होते.

ही लबाडी सार्वत्रिक असल्याचे १९९७मध्ये डॉमिनिक मेयर्स यांनी, तसेच स्वतंत्रपणे होई-क्वाँग लो आणि एच. एफ. चाऊ यांनी सिद्ध केले. ० आणि १ यांच्या लिफाफ्यांत समोरच्याला तिळमात्र फरक दिसत नसेल, तर पाठवणारा स्वतःकडे राखलेल्या जोडकणावर ऐन वेळी योग्य क्रिया करून ०चा १ करू शकतो. म्हणजे गोपनीयता जितकी पक्की, तितके वचन कच्चे. हा उपकरणाचा दोष नाही, निसर्गनियमाचाच परिणाम आहे. त्यामुळे अधिक पैसा ओतून तो दूर होणारा नाही.

वाट उरते ती एखादे जादा गृहीतक स्वीकारण्याची. प्रतिपक्षाची क्वांटम साठवणक्षमता तोकडी आहे, असे मानणे हे एक. एड्रियन केंट यांनी दुसरे सुचवले: दोन दूरच्या ठिकाणी प्रतिनिधी बसवायचे आणि प्रकाशापेक्षा वेगाने संदेश जात नाही, या नियमालाच पहारेकरी करायचे. या मार्गाने २०१३मध्ये जिनिव्हा-सिंगापूर प्रयोगात वचन १५ मिलिसेकंद टिकले. २०१६मध्ये दुसऱ्या एका प्रयोगात ते २४ तासांवर गेले, आणि तेही क्वांटम कणांविना, साध्या बिट्सवर!

राष्ट्रीय मोहिमेतील २,००० किलोमीटर अंतरावरील उपग्रह-संपर्काचे उद्दिष्ट किल्ली-वाटपाच्या प्रश्नाशी निगडित आहे. निविदेच्या लिफाफ्याला त्यातून मोहोर मिळणार नाही.