तळणीचा मोदक : बंदी नको, हिशेब हवा

गणपती आले की दवाखान्यात एक प्रश्न ठरलेला असतो, "डॉक्टर, शुगर आहे, मोदक चालेल का?" 'नाही' म्हणणे सोपे. पण पूर्ण बंदी घातली की पेशंट लपून खातो आणि विसर्जनानंतर महिनाभर शुगर तपासायलाच येत नाही.

आपल्या कराडकडे मोदक बहुधा तळणीचा. आत सुके खोबरे आणि साखर किंवा गूळ. सुक्या खोबऱ्यात १०० ग्रॅममागे ६० ग्रॅमहून जास्त चरबी असते, तीही बहुतांश संपृक्त. 'नारळात कोलेस्टेरॉल नसते' हे खरेच. पण संपृक्त चरबीने रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल वाढते. त्यात तळणीच्या तेलाची भर. गूळ घातला म्हणून सुटका नाही, त्यानेही शुगर वाढतेच. उकडीच्या मोदकात तळणीचे तेल वाचते, गोड तेवढेच राहते.

माझे मत असे : शुगर आटोक्यात असेल तर जेवणासोबत एक मोदक खा आणि त्या जेवणात एक पोळी कमी करा. तळणीचे तेल पुन्हा पुन्हा तापवू नका.

मात्र मोदक खाल्ला म्हणून मनानेच जादा गोळी घेऊ नका. शुगर एकदम उतरून घाम, थरथर, प्रसंगी बेशुद्धीही येते. हे गोडापेक्षा धोक्याचे.

आणि शुगर ३०० च्या घरात असेल, तर यंदा नैवेद्य दाखवा, हात जोडा आणि मोदक नातवाच्या हातावर ठेवा. पुढच्या वर्षी बाप्पा येणारच आहेत. आपणही असायला हवे.