निवडणारा हात कोणाचा?

चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड गावचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांना १९८३ मध्ये पटेल-३ भाताच्या शेतात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या त्यांनी बाजूला राखल्या, पेरल्या, त्यातल्या चांगल्या निवडून पुन्हा पेरल्या. बारीक दाण्याचा, चवदार एचएमटी तांदूळ असा घडला. फरक निसर्गाने निर्माण केले. कोणता टिकवायचा, हे खाणाऱ्याची आवड जाणणाऱ्या शेतकऱ्याने ठरवले. उत्क्रांतीच्या धर्तीवरची संगणकीय रचनापद्धती याच वाटेने जाते. संगणक एका वस्तूचे अनेक नमुने तयार करतो, सरस नमुन्यांचे गुण एकमेकांत मिसळतो, थोडे बदल करतो आणि पुढची पिढी मांडतो. संशोधक जॉन हॉलंड यांच्या १९७५ च्या ग्रंथाने या विचाराला भक्कम बैठक दिली. आपल्याकडे ही पद्धत येईल तेव्हा पहिला प्रश्न निवडीच्या अधिकाराचा असला पाहिजे.

‘नासा’ने २००६ मध्ये सोडलेल्या एसटी-५ उपग्रहांचे अँटेना याच पद्धतीने घडले. तिथे चांगले-वाईट मोजमापाने ठरवता येत होते. खुरप्यासारख्या हातातल्या अवजाराचे तसे नाही. मुठीची जाडी, पात्याचा वाक, वजन हे आकडे संगणक हवे तसे बदलेल. पण औंढा नागनाथ परिसरातल्या हळदीच्या शेतात दिवसभर खुरपून मनगट दुखते की नाही, हे खुरपणारी बाईच सांगू शकते. म्हणून अशा ठिकाणी गुण देण्याचे काम माणसाकडे ठेवतात. ‘बाजारातल्या खपावरून आवड कळतेच’ असे कोणी म्हणेल. पण खप विकत घेणाऱ्याची पसंती सांगतो. अवजार मालक घेतो आणि मजूर बाई वापरते, तिथे खपाच्या आकड्यांवर शिकलेला संगणक स्वस्ताईकडे झुकेल. दुखरे मनगट त्याच्या हिशेबात येणारच नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. शेकडो नमुने पाहून माणूस थकतो आणि त्याची निवड सैल होते. या क्षेत्रातले संशोधक हिदेयुकी ताकागी यांनीही ही मोठी अडचण मानली आहे. त्यावर उपाय म्हणजे फेऱ्या कमी ठेवणे, एका वेळी मोजकेच नमुने हाती देणे आणि उघड निकामी नमुने संगणकानेच आधी गाळणे. सगळ्यांची आवड एकत्र केली तर कोणालाच न शोभणारी सरासरी वस्तू निघेल, ही भीतीही खरी आहे. मात्र याच क्षेत्रातले संशोधक कल्याणमय देब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये मांडलेली पद्धत एकच उत्तर काढत नाही. वजन, किंमत, मजबुती यांचा वेगवेगळा मेळ घालणारे अनेक पर्याय ती समोर ठेवते. उंच आणि ठेंगण्या बाईला एकाच मापाचे अवजार घेण्याची सक्ती मग का करावी?

परभणीच्या कृषी विद्यापीठाने आणि वसमतच्या हळद संशोधन केंद्राने असा एखादा प्रयोग शेताच्या बांधावर करावा. नमुने हाताळून पाहणाऱ्या बायांना त्या दिवसाची पूर्ण मजुरी द्यावी आणि घडलेल्या अवजारावर त्यांचा हक्क नोंदवावा. दादाजींचा तांदूळ दूरवर पेरला गेला, तरी २०१८ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत त्याच्या कमाईतला वाजवी वाटा त्यांच्या हाती आला नाही. निवड ही मेहनत आहे आणि तिच्यात ज्ञान आहे. ते ज्ञान फुकट घेऊन घडवलेली वस्तू कितीही सोयीची असली, तरी तिच्या मुळाशी अन्यायच राहील.