कान पक्के होत नाहीत

लढाऊ विमानांच्या लाइनवर नोकरी केलेल्या प्रत्येकाने एक वाक्य ऐकलेले असते: "चार-सहा महिने जाऊ देत, कान पक्के होतात." मी ते जोधपूरला ऐकले, तेजपूरला ऐकले, लोहगावला तर शुद्ध मराठीत ऐकले. ज्याने ते पहिल्यांदा काढले त्याचे कान तेव्हाच गेले असावेत. कान पक्के होत नाहीत. ते मरतात, आणि सुरुवात वरच्या पट्टीपासून होते.

आधी हा आवाज येतो कुठून ते पाहू. बहुतेकांना वाटते, इंजिन ओरडते. आफ्टरबर्नर लागला की ओरडते ती मुख्यतः मागची हवा. उदबत्तीचा धूर आठवा: वीतभर सरळ रेघ, मग वळसे, मग सगळे विस्कटलेले. ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८३ मध्ये काचेच्या नळीत रंगाची धार सोडून हेच दाखवले. एका मर्यादेपलीकडे संथ प्रवाह संथ राहत नाही. नळीत निदान भिंतीचा आधार असतो. मोकळ्या हवेत सुटलेल्या झोताला तोही नाही. धावता वायू आणि बाजूची स्थिर हवा एकमेकींना घासतात, सीमेवर लाटा उठतात, लाटांचे भोवरे होतात, आणि भोवरे फुटून खळबळ माजते.

स्वनातीत झोताची गंमत अशी की वेग जास्त असूनही त्याची बाजूच्या हवेत मिसळण्याची गती मंद असते. खऱ्या इंजिनात भिंतीलगतचा थर बाहेर पडतानाच खवळलेला असतो, पण मधला गाभा बरेच अंतर सरळ धावतो. रात्रीच्या टेक-ऑफला ज्योतीत ओळीने चमकणारे हिरे दिसतात ना, ते त्या गाभ्यातले. झोताचा दाब आणि बाहेरचा दाब जुळत नाही म्हणून ते बनतात. खळबळ गाभ्यापर्यंत पोचली की विरतात. म्हणजे आवाजाचा मोठा भाग नॉझलमध्ये नाही, मागे कित्येक मीटर हवेत जन्मतो. भोवरेच ध्वनीपेक्षा वेगाने धावू लागले की त्यांच्या लाटा मागे तिरक्या दिशेने फेकल्या जातात. विमानाच्या नाकाशी उभा असलेला आणि शेपटीच्या तिरकस मागे उभा असलेला, दोघांचे अंतर सारखे असले तरी मार सारखा नसतो.

जेम्स लाइटहिल यांनी १९५२ मध्ये गणित मांडले: स्वनवेगाखालच्या झोताचा आवाज वेगाच्या आठव्या घाताने वाढतो. वेग दुप्पट, आवाजाची शक्ती २५६ पट. प्रवासी विमाने शांत झाली ती यामुळेच, मोठा पंखा भरपूर हवा सावकाश ढकलतो. लढाऊ विमानाला ती चैन नाही. थोडी हवा, प्रचंड वेग. त्यामुळे "नवे विमान येईल, आवाज कमी होईल" या आशेवर मी तरी बसणार नाही.

आता हिशेब. आफ्टरबर्नर लावलेल्या विमानाजवळ १४० डेसिबलच्या वर आवाज असतो. कानात बोळा, वर इअरमफ, दोन्ही नीट बसलेले. तरी दोघांची बेरीज होत नाही, चांगल्यातल्या एकापेक्षा साधारण ५ डेसिबल जास्त मिळतात. समजा एकूण ३५ वाचले. उरले १०५. अमेरिकेतल्या नायॉश संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलला दिवसाचे आठ तास चालतात आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. १०५ ला किती? पाच मिनिटेसुद्धा नाहीत. आणि हे सर्व साधने अंगावर असताना.

इंजिनाच्या प्रत्येक तासाची आपण नोंद ठेवतो. आफ्टरबर्नर किती वेळ चालला, तेही लिहितो. त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या पोराची मिनिटे माझ्या पाहण्यात कोणी लिहिली नाहीत. माझे म्हणणे एवढेच: ती लिहा. पाळी बदला. उभे राहण्याची जागा रंगाने आखा. भरतीच्या पहिल्या आठवड्यात ऑडिओग्राम काढा आणि दरवर्षी त्याच्याशी ताडून पाहा, नाहीतर पुढे पेन्शनच्या वेळी "हे आधीपासूनच होते" म्हणणाऱ्याला उत्तर देता येत नाही. कोणी म्हणेल, लढाईत मिनिटे कोण मोजतो? खरे आहे. पण नोकरीतले बहुतेक दिवस सरावाचे असतात आणि कान त्याच दिवसांत जातात.

निवृत्त मित्रांनो, तुमच्यासाठी वेगळे. नुकसान बहुधा ४००० हर्ट्झच्या आसपास सुरू होते. तिथे स, श, च, फ राहतात. म्हणून आवाज ऐकू येतो, शब्द कळत नाही. माझ्या एका जुन्या सहकाऱ्याला वाटते की नात तोंडातल्या तोंडात बोलते. ती अगदी स्पष्ट बोलते, मी ऐकले आहे. त्याला मी मागच्या महिन्यात तपासणीला नेले. वहिनींनी टीव्हीच्या आवाजाची तक्रार केली म्हणून तो तयार झाला, माझ्या सांगण्यावरून नाही. तुमच्या घरीही टीव्हीचा आवाज कोण वाढवतो ते एकदा विचारा, आणि ऑडिओग्राम काढाल तेव्हा कागदाची प्रत स्वतःजवळ ठेवा.