घर उघडलं, शाळेचं काय?

2020च्या टाळेबंदीत माझा एक जुना विद्यार्थी मुंब्र्याहून खेड तालुक्यातल्या आपल्या गावी गेला, तो परतलाच नाही. मुंब्र्यात दोन खोल्यांत सहा माणसं. मीटिंग सुरू असताना कुकरची शिट्टी ऑफिसवाल्यांना ऐकू जायची. गावात आजोबांनी आखातातल्या कमाईवर बांधलेलं घर कुलूपबंद पडलं होतं. आता तिथे त्याला कामाची वेगळी खोली आहे, मागे फणस आहे. "सर, श्वास घ्यायला जागा मिळाली," म्हणतो. ऐकून बरं वाटतं.

पण त्याचा मुलगा जवळची जिल्हा परिषदेची उर्दू शाळा सोडून व्हॅनने इंग्रजी शाळेत जातो. उर्दू शाळेचा पट उरलाय अकरा. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांऐवजी समूह शाळा आणण्याचा विचार सरकारने 2023मध्येच मांडला आहे. गावातली शाळा गेली की आधी मुलींचं शिक्षण सुटतं. मुलासाठी व्हॅनचे पैसे निघतात, मुलीसाठी निघतीलच असं नाही.

त्याला दोष कुठल्या तोंडाने देऊ? मी उर्दू शिकवतो, पण माझी मुलंही उर्दू शाळेत नाहीत. तरी सांगतो. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत. शिक्षकाचं रिकामं पद, गळकं छप्पर यांसाठी अर्ज करणारा, पाठपुरावा करणारा पालक तिथे हवा असतो. शहरातून परतलेल्यांना ते जमतं. मात्र त्यासाठी मूल त्याच शाळेत असावं लागतं.

घरात जागा मिळाली, आता समितीतली जागाही घ्या.