दंड पाचशेचा, पण कोणाच्या नावावर?

चुकीच्या जागी गाडी लावली म्हणून झालेला दंड हा स्त्रियांचा प्रश्न कसा, असं एका बैठकीत मला विचारलं गेलं. हुंडा, मारहाण, पोटगी सोडून ही ताई चलनाच्या मागे कुठे लागली, असा त्यातला सूर होता. अमरावती आणि अकोल्यात मी कौटुंबिक सल्ल्याचं काम करते. गेल्या काही वर्षांत समोर बसलेल्या बाईच्या पिशवीतून लग्नपत्रिका आणि दवाखान्याचे कागद निघतात, तसं मोबाइलमधलं ई-चलनही निघू लागलं आहे. तेव्हा हा प्रश्न मी शोधून काढलेला नाही. बायांनीच तो आणला आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. पुष्कळ जणींना वाटतं की हा दंड महानगरपालिका करते. गाड्या लावायच्या जागा ठरवण्यात पालिकेचा संबंध येतो खरा, पण चलन फाडतात ते वाहतूक पोलीस, मोटार वाहन कायदा १९८८ खाली. म्हणून पालिकेच्या खिडकीवर अर्ज घेऊन उभं राहण्यात दिवस मोडू नये. अमरावतीत पोलीस आयुक्तालय आहे, अकोल्यात जिल्हा पोलीस अधीक्षक. दोन्हीकडे अर्ज द्यायचा तो वाहतूक शाखेत. चलनाच्या सरकारी ॲपवरही तक्रारीची सोय आहे. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १७७ चा दंड पहिल्या वेळी ५०० आणि त्यानंतर दर वेळी १५०० रुपये झाला, आणि महाराष्ट्रात तो डिसेंबर २०२१ पासून लागू झाला. त्याआधी पहिल्या वेळी याहून कमी रकमेत काम भागत असे.

आता मूळ मुद्दा. पूर्वी हवालदार गाडीजवळच्या माणसाला गाठून पावती फाडायचा. आता फोटो निघतो नंबरप्लेटचा, आणि संदेश जातो ज्याच्या नावावर गाडी आहे त्याच्या मोबाइलवर. गाडी कोण वापरतं आणि ती कोणाच्या नावावर आहे, यांचा आपल्या घरांतून किती कमी मेळ असतो हे मी तुम्हाला सांगायला नको.

एक बाई नवऱ्याच्या नावावरची स्कूटी घेऊन आमच्याकडे आली. आमच्या केंद्रासमोर गाडी लावायला धड जागा नाही. तासाभराने ती खाली उतरेपर्यंत नवऱ्याच्या फोनवर चलन पोचलं होतं. त्यात जागा, तारीख, वेळ आणि फोटो, सगळं काही. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. "ताई, पाचशाचं काई नाही, भाजीपाल्यातून काढीन. पण मी तिथं काहाले गेली होती, हे त्याले आता काय सांगू?" या प्रश्नावर कुठल्या कार्यालयात अपील करायचं? तेव्हापासून पहिल्यांदा येणाऱ्या बाईला आम्ही फोनवरच सांगतो की गाडी कुठे लाव, आणि जमलं तर ऑटोनेच ये. उपाय लंगडा आहे. आमच्याजवळ तूर्त तेवढाच आहे.

दुसरा प्रकार याच्या उलटा, आणि लढण्याजोगा. लग्नात बापाने मुलीच्या नावाने गाडी घेऊन दिली. पुढे मारहाण झाली, मुलगी माहेरी आली, गाडी सासरी राहिली. नवरा, दीर, दिराचे मित्र ती फिरवतात आणि चलनं येतात हिच्या मोबाइलवर. दुसऱ्या चलनापासून ती कागदोपत्री पुन्हा पुन्हा गुन्हा करणारी ठरते, म्हणजे ५०० चे १५०० होतात. अशा एका मुलीला घेऊन मी एका कार्यालयात गेले. मान वर न करता विचारणा झाली, "गाडी कोणाच्या नावावर? मग भरा." ती बाहेर येऊन म्हणाली, "दोन सालापासून गाडी मी डोळ्यानं पाह्यली नाही. दंड मले काहाले?"

तिचा प्रश्न कायद्याला धरून होता. वाहन अडथळा होईल असं उभं करण्याचा गुन्हा कलम १२२ मध्ये आहे. ते कलम मालकाविषयी बोलत नाही. वाहन ज्याच्या ताब्यात आहे, त्याच्याविषयी बोलतं. कलम १३३ प्रमाणे पोलिसांनी मागितल्यास चालकाचं नाव-पत्ता सांगणं हे मालकाचं कर्तव्य आहे. म्हणजे मालक आणि चालक वेगळे असू शकतात हे कायद्यालाही ठाऊक आहे. आम्ही अर्जात एवढंच लिहिलं की अमुक तारखेपासून गाडी अर्जदाराच्या ताब्यात नाही, अमुक इसमाच्या ताब्यात आहे, चलनातल्या फोटोत अर्जदार नाही. सोबत पोलीस ठाण्यातल्या जुन्या तक्रारीची प्रत जोडली आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही, हे आपल्याला जुन्या अनुभवाने शिकवलेलंच आहे.

फोटो नीट पाहावा, हेही सांगते. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्राने नियम केला, त्यात कॅमेऱ्यावरून केलेल्या चलनासोबत गुन्हा आणि नंबरप्लेट दाखवणारा स्पष्ट फोटो, जागा, तारीख, वेळ यांचा आग्रह धरला होता. कॅमेऱ्यांसाठी निवडलेल्या देशातल्या १३२ शहरांच्या यादीत अकोला आणि अमरावती दोन्ही होती. जुलै २०२५ मध्ये राज्याच्या वाहतूक पोलिसांनी आदेश काढला की खासगी मोबाइलवर फोटो काढून चलन करू नये. तिथे मनाईचा फलक होता का, फोटोत तो दिसतो का, हेही विचारायचं. मुदतीचे नियम मात्र बदलत राहतात, तेव्हा चलनावरची तारीख पाहून लगेच हालचाल करावी.

सगळ्यात जास्त घोटाळा लोकअदालतीच्या नोटिशीने होतो. "हजर राहा" असं वाचलं की घरात रडारड सुरू होते. लोकअदालत ही अपिलाची जागा नाही, ती तडजोडीची जागा आहे. तिथला निवाडा विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम २१ प्रमाणे अंतिम असतो, त्यावर अपील नाही. चूक आपली असेल आणि रक्कम कमी होत असेल तर तडजोड जरूर करावी. चूक आपली नसेल तर सही करू नये. तडजोड झाली नाही तर लोकअदालत जबरदस्ती करू शकत नाही. याच कायद्याच्या कलम १२ प्रमाणे प्रत्येक स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मागता येतो. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, फोन १५१०० आहे. आपल्या कितीतरी कार्यकर्त्या अजून बाईला उत्पन्नाचा दाखला आणायला तहसिलीत पाठवतात. त्याची गरज नाही.

पाचशे रुपयांसाठी एवढी पायपीट कशाला, रोजी बुडते त्यापेक्षा भरून मोकळं व्हावं, असं आमच्यातल्याच काही जणी म्हणतात. स्वतः चुकीची गाडी लावली असेल तर माझंही तेच मत आहे. पण दुसऱ्याच्या ताब्यातल्या गाडीचं चलन मुकाट्याने भरलं, की ती गाडी आपणच चालवत होतो असा कागद आपल्याच हाताने तयार होतो. आणि चलन हा त्यातला सर्वांत किरकोळ धोका. फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की गाडी पुढे विकली गेली तरी नोंदणी ज्याच्या नावावर, अपघाताची भरपाई त्याच्यावर. सासरी अडकलेल्या गाडीचा विमा संपलेला असला आणि तिच्याखाली कोणी आलं, तर ती नोटीस कोणाच्या दारी येईल?

म्हणून अर्ज दंडापुरता ठेवू नये. कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ च्या कलम १९(८) खाली स्त्रीधन आणि तिची इतर मालमत्ता परत देण्याचा आदेश न्यायदंडाधिकारी देऊ शकतात. दागिन्यांची यादी आपण आठवणीने करतो, गाडी मात्र सुटते. आमच्या नोंदणीच्या कागदावर आता दोन रकाने वाढवले आहेत: घरात कोणती गाडी कोणाच्या नावावर, आणि आरटीओत कोणाचा मोबाइल नोंदवलेला. त्या मुलीच्या अर्जावर अजून लेखी उत्तर नाही. गाडी परत मागणारा अर्ज कोर्टात दाखल झाला आहे, आणि दरम्यान तिच्या मोबाइलवर आणखी एक चलन आलं आहे.